दारात आलेली लिंक

जनाकाकूंच्या फोनवर लिंक आली आणि त्यांनी ती उघडली नाही, असं आमच्या इमारतीत कुणी पाहिलेलं नाही. बक्षीस लागलंय, वीज तोडतोय, पार्सल अडकलंय, काहीही असो, काकूंचा अंगठा तयार.

"काकू, जरा मनावर ताबा ठेवा," मी सांगायचो.

"आवो, दारान आलेल्याला परत धाडाचा? आमचे ओव्यान दिवसा कोनाचा दार लागत नाय!"

ओवे गावातली शेती गेली आणि काकू पनवेलमध्ये माझ्या शेजारी राहायला आल्या. इथेही त्यांचं दार सताड उघडं. भाजीवाली, वॉचमन, तिसऱ्या मजल्यावरच्या मॅडम, सगळे तिथेच चहाला. माझ्या दाराला तीन कड्या आणि वर कॅमेरा. बेल वाजवतो तो कुरिअरवाला. स्पष्टच सांगतो, मी जळायचो. सोसायटीत मी ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान ठेवलं, तर ऐकायला एकट्या काकू. त्यातही मधेच त्यांनी एक लिंक उघडली.

मागच्या वर्षी एका भामट्यानं माझ्या नावाचं खोटं खातं काढून ओळखीच्या सगळ्यांकडे पाच-पाच हजार मागितले. कुणीच दिले नाहीत. "आपली माणसं सावध आहेत," असं मी ऐटीत सांगत फिरलो. एकानंही काय झालं म्हणून फोन केला नव्हता, ते मात्र गिळलं.

या महिन्यात काकूंची पाळी आली. लिंक उघडली, मेसेजचं खातं चोराच्या हातात गेलं आणि 'दवाखान्यात आहे, पैसे पाठवा' असा निरोप सगळ्यांना. अर्ध्या तासात आमचा जिना भरला. कुठला दवाखाना विचारत भाजीवाली पाटी टाकून आलेली, कुणाच्या हातात डबा, वॉचमन तर रक्त द्यायला तयार. काकू घरात कोलंबी सोलत बसलेल्या. त्यांनी सगळ्यांना चहा केला. माझ्या पोटात दुखायला लागलं. फसली बाई, आणि गर्दी लग्नघरासारखी!

गर्दी पांगल्यावर, काकूंच्या बँकेच्या खात्यातून काही गेलंय का ते बघायला मी त्यांचे जुने व्यवहार चाळले. एका ओळीवर बोट अडलं. मागच्या वर्षीची तारीख, पाच हजार, आणि पुढे लिहिलेलं, 'शेजारचे भाऊ, अडचन'.

"काकू, हे तुम्ही मला पाठवले होते?"

काकू ओशाळल्या. "तुमी कदी कोनाकडं कायच मांगत नाय. मना वाटला, मोटी अडचन असंल. मंग तुमीच सांगत फिरलाव, कोनी फसला नाय. मी कनाला बोलू?"

"अहो, पण मी शेजारीच राहतो. आधी येऊन विचारायचं ना!"

"आलते ना. दोनदा बेल वाजवली. तुमी उगडला नाय."

मला आठवलं. कॅमेऱ्यात काकू दिसल्या होत्या. पुन्हा कसली तरी लिंक दाखवायला आल्या असतील, म्हणून मी टीव्हीचा आवाज बारीक करून गप्प बसलो होतो.

खरं सांगू? आता मला त्या चोराचा हेवा वाटतो. माझं नाव सांगून तो काकूंच्या दारात उभा राहिला, आणि काकूंनी त्याला आत घेतलं.