मोरीवरचा पाटकरी

अंगाला साबण लावलेला, डोळे मिटलेले, आणि भिंतीतून टण टण टण असा आवाज. खाली गेनभाऊंनी सांडपाण्याच्या पाइपावर पाना मारलेला असायचा. त्याचा अर्थ, तुमचं पाणी नीट वाहत नाहीये, नळ बंद करा आणि मोरी बघा. दोनदा वाजवलं तर साधी सूचना. तीनदा वाजवलं तर ते जिना चढून वर येणार. मी कितीतरी वेळा अंगावरचा फेस तसाच ठेवून, टॉवेल गुंडाळून, बंद दाराआडून सांगितलंय, "वाहतंय, गेनभाऊ, वाहतंय."

बाहेरून उत्तर यायचं, "मला नका शिकवू, पावणं. थेंब थेंब येतंय खाली. मी पायपाला कान लावून आलोय."

वारूळवाडीतल्या ज्या घरात आम्ही भाड्यानं राहतो, त्याचे हे मालक. खाली ते एकटे, वर आम्ही तिघं: मी, माझी बायको सुनीता आणि मुलगी ऋतुजा. आम्ही मूळचे महाळुंगे पडवळचे. ऋतुजा अकरावीला गेली तेव्हा तिच्या कॉलेजसाठी इकडे आलो, आणि मला नारायणगावात शेतीऔषधांच्या दुकानात काम मिळालं. घर चांगलं होतं. उजेड होता, गच्ची होती. फक्त आमचं बाथरूम गेनभाऊंच्या बाथरूमच्या बरोबर डोक्यावर होतं. वर पाणी साचलं की खाली त्यांच्या छताला ओल यायची. माणसाला राग यायला एवढं कारण पुरेसं आहे, हे मला आज कळतं. तेव्हा कळत नव्हतं, कारण तेव्हा मी स्वतःच रागावलेला असायचो.

गेनभाऊ निमगाव सावाचे. सगळी नोकरी कालव्यावर, पाटकरी म्हणून. कोणत्या चारीला किती वेळ पाणी सोडायचं, ते शेवटच्या रानापर्यंत पोचतं का, मध्येच कोणी पाट फोडून घेत नाही ना, हे बघत ते आयुष्यभर सायकलवरून हिंडले. पाण्यावरून त्यांनी बागायतदारांशी भांडणं केली, सरपंचाशी केली, स्वतःच्या सख्ख्या मेव्हण्याशी केली. मेव्हणा अजून बोलत नाही. "टेलच्या रानाला पानी पोचलं न्हाई म्हंजी वर कुनीतरी झोपलंय," हे त्यांचं लाडकं वाक्य. रिटायर झाल्यावर कालवा हातातून गेला आणि आमचा चार इंची पाइप हातात राहिला. त्याच्यावर त्यांनी तीच नोकरी पुढं चालू ठेवली, त्याच आवाजात.

राहायला आलो त्या दिवशी सामान टेम्पोतच होतं आणि गेनभाऊ आम्हाला बाथरूम दाखवत होते. स्वयंपाकघर कुठं, मीटर कुठं, काही नाही. थेट बाथरूम. गुडघ्यावर बसून त्यांनी मोरीची जाळी उचलली, खालची वाटी काढली आणि सुनीताला म्हणाले, "वैनी, हिच्यात बघा. लोक म्हणत्यात पाइप तुंबला. पाइप कधीच तुंबत न्हाई. ह्या वाटीपाशी केस आडतो. केसाला साबन चिकटतो, साबनाला मळ. लोक लांब खोल बघत बसत्यात आन् दुखनं असतंय तोंडाशी."

मग औषध सांगितलं. दर शनिवारी जाळी काढायची. बाइंडिंगच्या तारेला पुढं छोटा आकडा करून केस ओढून काढायचे. ते पुढं ढकलायचे नाहीत, वर ओढायचे. मग धुण्याचा सोडा टाकायचा आणि बादलीभर कढत पाणी एका दमात ओतायचं. "एका दमात," ते पुन्हा म्हणाले. "धार सोडू नका. पान्याला धक्का पायजे."

सुनीता मान डोलवत होती. टेम्पोवाला खालून हॉर्न वाजवत होता. गेनभाऊंनी गॅलरीतून त्याला असा काही दम दिला, की तो इंजिन बंद करून गप्प बसला.

पहिलं भांडण शॉवरवरून झालं. मी हौसेनं शॉवर बसवून घेतला, तर तिसऱ्या दिवशी गेनभाऊ वर. शॉवरकडे त्यांनी एखाद्या चोराकडं बघावं तसं बघितलं.

"हे कशाला?"

"अंघोळीला."

"पावणं, फवाऱ्यानं द्राक्षाला औषध मारत्यात. मानसं न्हाई धूत. तांब्यानं पानी घेतलं की ते धाडकन जातं, केस घेऊन जातं. ह्याचं पानी रडत रडत जातं. केस तिथंच बसतो."

मी म्हणालो, भाडेकरूनं अंघोळ कशी करायची हे मालकानं ठरवायचं नसतं. ते म्हणाले, पाणी कसं वाहतं हे शेतीऔषधवाल्यानं ठरवायचं नसतं. दोन दिवस आम्ही एकमेकांचं तोंड बघितलं नाही. पाइप मात्र रोज वाजत होता.

दुसऱ्या भांडणात चूक माझी होती, आणि म्हणून मला राग जास्त आला. पाणी साचत होतं, शनिवारी तार घालायचा कंटाळा केला होता. मी दुकानातून येताना मोरी साफ करायची जहाल पावडर आणली आणि गुपचूप ओतली, दुप्पट. आत धूर निघाला, फसफसलं, पाइप गरम झाला, आणि खाली गेनभाऊंच्या छतातला सांधा सुटला. ते वर आले तेव्हा त्यांच्या बंडीच्या खांद्यावर ओला डाग होता. मला वाटलं, आता ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी मला दंडाला धरून खाली नेलं, स्टुलावर उभं केलं आणि वाकडा झालेला सांधा बोटानं दाखवला.

"केस हाय तिथंच हाय. पाइप गेला," ते म्हणाले. "जो बिचारा काम करत व्हता त्यालाच मारलं तुमी."

त्या दिवशी त्यांनी आणि मी मिळून सांधा बदलला. तीन तास ते फक्त "धरा" आणि "सोडा" एवढेच दोन शब्द बोलले. इतका अपमान मला कुणी शिव्या घालूनही केला नव्हता.

पण माझा खरा संताप झाला तो ऋतुजावरून. तिची वेणी कमरेच्या खाली यायची. आजीनं लहानपणापासून तेल लावून वाढवलेले केस. ऋतुजा तशी कुणाच्या अध्यात मध्यात नसते, पण केसांबद्दल कुणी बोललेलं तिला चालत नाही. एका रविवारी आमच्याकडे माझी बहीण आणि तिचे यजमान जेवायला आलेले. पानं वाढलेली. गेनभाऊ दारात उभे राहिले, हातात वर्तमानपत्राचा कागद, आणि कागदावर मोरीतून ओढून काढलेला केसांचा ओला पुंजका. त्यांनी तो उंबऱ्यावर ठेवला आणि वितीनं मोजला.

"दोन वीत," ते म्हणाले. "हा कुनाचा, ते मला सांगायची गरज न्हाई. पोरी, कापून टाक ती शेपटी. न्हाई तर अंगणात बसून डोकं धू."

ऋतुजा पानावरून उठली. आत जाऊन तिनं दार लावून घेतलं. माझे मेहुणे ताटाकडे बघत राहिले.

मी गेनभाऊंना जिन्यावर गाठलं आणि जे मनात होतं ते सगळं बोललो. म्हणालो, तुम्हाला माणसं नकोत, तुम्हाला पाइप पाहिजेत. तुमचा मुलगा चाकणला राहतो आणि सणाशिवाय फिरकत नाही, त्याचं कारण मला आज कळलं. हे बोलायला नको होतं. त्यांनी कठडा धरला. मग एवढंच म्हणाले, "शनिवारी तार घाला," आणि खाली गेले.

मी दुसरं घर बघितलं. नारायणगावात, तळमजल्यावर, ज्याच्या खाली कुणीच राहत नाही असं. दिवाळीनंतर जायचं ठरलं.

दिवाळीच्या आधीच ऋतुजाला टायफॉइड झाला. आठ दिवस दवाखान्यात होती, आणि घर बदलणं पुढं ढकललं. घरी आली तेव्हा तिचं मनगट माझ्या दोन बोटांत मावत होतं. ताप गेला, भूक परत आली, आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. आणि महिन्या दीड महिन्यानं तिचे केस गळायला लागले. डॉक्टर म्हणाले, या तापानंतर असं होतं, परत येतील. पण रोज सकाळी उशीवर, कंगव्यात, फरशीवर केस दिसत असताना सतरा वर्षांच्या मुलीला "परत येतील" या शब्दाचा काय उपयोग? ती ओढणी बांधून बसायची. कॉलेजला जाईना. अंघोळीला गेली की बराच वेळ बाहेर यायची नाही, आणि आतून शॉवरचा आवाज येत राहायचा. तिला वाटायचं, त्या आवाजात तिचं रडणं ऐकू येत नाही.

बाथरूममध्ये घोट्याएवढं पाणी साचत होतं. मी पाइप वाजायची वाट बघत होतो. खरं सांगायचं तर मी वाटच बघत होतो. ह्या वेळी त्यानं एक शब्द जरी काढला, तर त्याचा पाना त्याच्याच पाइपात घालायचा, असं मी ठरवून ठेवलं होतं. पण पाइप वाजला नाही. पहिल्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, आठवडा झाला तरी नाही. आणि पाणी मात्र रोज दुपारपर्यंत गेलेलं असायचं.

एकदा दुकानाची चावी घरी राहिली म्हणून अकराच्या सुमाराला परत आलो. सुनीता दारातच उभी होती. तिनं तोंडावर बोट ठेवलं. बाथरूममध्ये गेनभाऊ गुडघ्यावर बसले होते, पायजमा दुमडलेला, हातात तार. बाजूला कागदावर केसांचा ढीग होता. एवढे केस मी एकत्र कधी बघितले नव्हते. ते कागदाची घडी घालत होते, हळू, जणू आत काही मोडेल.

"बोलू नका," ते मला म्हणाले. त्यांचा इतका खालचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "पोर गच्चीवर उन्हाला बसलीय. तिला दिसाया नको किती जात्यात ते."

"रोज येता?"

"तिची अंघोळ झाली की वैनी हाक मारत्यात."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. गेनभाऊंनी कागद बंडीच्या आत सरकवला, खिशातून साबणाचा एक पांढरा, चिकट गोळा काढला आणि तारेच्या टोकाला लावला. हा गोळा ते घरूनच घेऊन आलेले होते. ऋतुजा दारात आली, डोक्याला ओढणी. तिनं पाण्याकडं बघितलं, तारेकडं बघितलं.

"आबा, माझ्या केसांनी तुंबतं ना?"

"कसले केस?" गेनभाऊ गरजले. आवाज परत पहिल्यासारखा, खालच्या गल्लीत ऐकू जाईल असा. "हे बघ. साबन. नुसता साबन. तुझ्या बापानं कुठला चरबीचा साबन आनलाय देव जाने. शेतीऔषधं विकून विकून नाक गेलंय ह्याचं. पावणं, उद्याच्या उद्या साबन बदला, न्हाई तर घर खाली करा."

मी म्हणालो, "बदलतो."

"नुसतं बदलतो म्हनू नका. बदला."

ऋतुजानं वाकून तारेचं टोक बघितलं. तिला कळलं असेल का, मला सांगता येत नाही. सतरा वर्षांची मुलगी इतकी भोळी नसते. पण तिचे खांदे खाली आले आणि ती म्हणाली, "बाबा, खरंच भंगार साबण आहे तो." महिनाभरानं ती माझ्यावर चिडली होती. मला फार बरं वाटलं.

पुढचे कितीतरी दिवस गेनभाऊ रोज येऊन मला साबणावरून बोलून गेले. मी तीन साबण बदलले. तिन्ही त्यांनी नापास केले. नारायणगावच्या घरमालकाला मी येत नसल्याचं कळवलं. सुनीतानं का म्हणून विचारलंही नाही.

डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. गळायचं कमी झालं, मग थांबलं. कपाळावर बारीक, ताठ, नवे केस उभे राहिले. ऋतुजानं वेणी खांद्यापर्यंत कापून घेतली, स्वतःच्या मनानं, आणि कॉलेजला जायला लागली.

मागच्या रविवारी गेनभाऊ आले. त्यांनी जाळी काढली, वाटी काढली, तार घातली. तार कोरडी वर आली. पुन्हा घातली. पुन्हा कोरडी. मोरी अशी साफ होती, की बादलीभर पाणी ओतलं तर गटकन जाईल. ते तार हातात धरून तिथंच बसून राहिले. घरी जायचं तर काय कारण सांगून परत यायचं, हे शोधत असल्यासारखे.

ऋतुजा अभ्यासावरून उठून आली. "आबा, चहा टाकलाय. घेऊन जा."

पावणेदोन वर्षांत ते आमच्याकडे कधी खुर्चीवर बसले नव्हते. आम्ही कधी बसा म्हटलंही नव्हतं. ते बसले, पाय जवळ घेऊन, जागा कमी व्यापावी तसे. चहात साखर लई झाली म्हणाले. कप धरायचा कान बारीक हाय म्हणाले. ऋतुजा त्यांच्या समोर बसून कॉलेजातलं काहीबाही सांगत होती, आणि ते मधे मधे "मग?" म्हणत होते. चहा संपला तरी ते "मग?" म्हणत राहिले.

निघताना त्यांनी तार उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "उद्या परत बघून जातो. वाटीपाशी जरा शंका वाटती मला."

"या," मी म्हणालो. "मलाही वाटते."