तीस वर्षांचे व्हेजिटेरियन

पत्रात अडलेला शब्द पोस्टातल्या बाईला विचारायचा नाही, घरच्या घरी ओळखायचा, असं मी ठरवलं आणि तिथेच आमच्या मोठ्या डुकराचं मरण ओढवलं. पण तिला विचारलं असतं तर जेवणवेळेच्या आत ते आमच्या सवाईई बेटभर झालं असतं. (माझ्याच मावसबहिणीची मुलगी ती. बडबड आमच्या रक्तातच आहे.)

पत्र माझ्या लेकाचं, लाफाएलेचं, वेलिंग्टनहून आलेलं. हेदर नावाच्या गोऱ्या मुलीशी त्याला लग्न करायचं होतं आणि तिचे वडील आमचं घर बघायला येणार होते. त्यांचं मन भरलं तर लग्न, नाहीतर नाही. नऊ वर्षांची माझी नात तिलोमाई पत्र वाचून दाखवत होती. (मला अक्षर येत नाही. इतर पोरं शाळेत होती तेव्हा मी समुद्रात होते.) सगळं पत्र आमच्या भाषेत, मधेच एक शब्द इंग्रजी.

"हेदरचे वडील व्हेजिटेरियन आहेत."

"म्हणजे काय गं?"

"मला काय ठाऊक? पण शाळेतल्या बाई म्हणतात, शब्द अडला की त्याच्या शेजारचे शब्द बघायचे. ते सांगतात."

मी थक्क झाले. खडकातला ऑक्टोपस मी तसाच तर शोधते! तो स्वतः कुठे दिसतो? बिळाच्या तोंडाशी त्याने खाल्लेल्या खेकड्यांची कवचं पडलेली असतात, ती बघून मी काठी घालते. साठ वर्षं मी समुद्रात जे केलं, ते ही पोर कागदावर करत होती.

"वाच बाई, शेजारचं वाच."

"'तीस वर्षं झाली त्यांना व्हेजिटेरियन होऊन.'"

"हुद्दा आहे!"

"'त्यांचे वडील तसे नव्हते. हे स्वतःच्या निश्चयाने झाले.'"

"कर्तबगार माणूस."

"'लग्नानंतर हेदरची आईही झाली.'"

"बघ! पाद्र्याची बायको होते तशी."

"'त्यांच्यासाठी मुद्दाम काही करू नकोस, आई. फार साधे आहेत.'"

आता शंका कसली? मोठीच माणसं असा निरोप धाडतात.

"आजी, पुन्हा एकदा वाचू का? बाई म्हणतात, घाई करू नये."

"काठी लागली की ओढायचं, पोरी!"

मी नवऱ्याला गाठलं. पेनिआमिना स्वतः गावचे सरदार. "अहो, आपल्याकडे व्हेजिटेरियन येतायत."

"माझ्याहून मोठा असतो?"

"तुमच्या सरदारकीला अकराच वर्षं झालीत."

खात्रीसाठी पाद्र्यांना विचारलं. त्यांनी बराच वेळ डोळे मिटले. "बायबलात नाही," ते म्हणाले, "तेव्हा सरकारी असावा." झालं! नव्या चर्चच्या उद्घाटनासाठी राखलेलं डुक्कर तापल्या दगडांच्या भट्टीत गेलं.

पाहुणे आले ते वल्ह्यासारखे लांब आणि चपटे. (एवढा हुद्दा आणि पोट नाही! मी मनात खट्टू झाले.) लाफाएले मागे सामान उतरवत राहिला आणि इकडे पंगत बसली. आमच्यात डुकराचा कुठला वाटा कुणाला, हे मानाप्रमाणे ठरतं आणि ते गावाला ऐकू जाईल असं पुकारावं लागतं. पुकारणारा ओरडला, "पाठीचा वाटा, वेलिंग्टनच्या थोर व्हेजिटेरियनना!"

ओळखीचा शब्द ऐकून पाहुण्यांनी हसून मान डोलावली. मग दोघांनी उचलून आणलेली ती पाठ समोर आली. मूळचा गोरा माणूस आणखी किती गोरा होऊ शकतो, ते मी त्या दिवशी पाहिलं.

लाफाएले धावत आला. "आई! काय केलंस हे? व्हेजिटेरियन म्हणजे जो मांस खात नाही तो!"

गेलं लग्न, मी म्हटलं. माझ्या एका शब्दापायी लेकाचा संसार गेला.

तेवढ्यात पेनिआमिना हळूच म्हणाले, "मुळीच नाही?"

"नाही, बाबा."

"डब्यातलं गोमांससुद्धा?"

"नाही."

"रविवारी तरी?"

"रविवारीही नाही."

"सक्ती कुणाची?"

"कुणाचीच नाही."

तीस वर्षं! आमच्या पाद्र्यांचा उपास दुपारी दोनला सुटतो. पेनिआमिना उठले, त्यांनी आपल्या गळ्यातली सरदारकीची माळ काढली आणि त्या माणसाच्या गळ्यात घातली. देवमासा वर आला की होड्या थांबवून बघतो ना, तसे आम्ही सगळे पाहुण्यांकडे बघत राहिलो.

मी चुलीकडे पळाले. नारळाच्या दुधात शिजवलेल्या अळूच्या पानांच्या पुड्या, रोजचंच खाणं म्हणून लाजेने मागे लपवलेल्या, त्या पुढे केल्या. पाहुण्यांनी अकरा खाल्ल्या. बाराव्या पुडीला लग्नाला होकार दिला. पाठीचा वाटा त्यांनी स्वतःच्या हाताने तिलोमाईला दिला. नऊ वर्षांच्या पोरीला सरदाराचा मान!

महिन्याने त्यांचं आभाराचं पत्र आलं. लाफाएलेने ते आमच्या भाषेत उतरवलं होतं, एक शब्द तेवढा तसाच ठेवून. "लाफाएलेच्या आई फारच टॉकेटिव्ह आहेत. त्यांच्यासारखं माणूस मी जन्मात पाहिलं नाही. तीन दिवस, एकही अक्षर न कळता, मी थक्क होऊन ऐकत राहिलो. त्या आल्या की बाकीचे आपोआप गप्प होतात."

या खेपेला मी घाई केली नाही. शेजारचे शब्द तीनदा वाचून घेतले. हुद्दाच आहे. आता बायकांच्या मंडळात मी उभी राहिले की आधी पुकारा होतो, "आपल्या गावच्या थोर टॉकेटिव्ह!" सगळ्या टाळ्या वाजवतात, पोस्टातली बाई सर्वांत जोरात. तिलोमाई मात्र चटईत तोंड खुपसून बसते. भरून येत असेल पोरीला.