वहिनींना गाडी आवडते

निवृत्त दंतवैद्यांनी गाडी विकायला काढली, तीही न विकण्याच्या पक्क्या इराद्याने. बायकोला गॅरेजमध्ये शिवणाचा क्लास काढायचा होता आणि तिथे उघडत्या टपाची, १९५७ सालची अमेरिकन गाडी ऐसपैस बसली होती. डॉक्टरांनी तिची अशी निगा राखली होती, की पेशंटांना आपल्या दातांची लाज वाटावी.

पहिलं गिऱ्हाईक आल्याबरोबर डॉक्टर नाट लावायला लागले.

"पेट्रोल पाण्यासारखं पिते हो."

"पिणारच. खानदानी आहे."

"टप एकदा उघडला की बंद व्हायला अर्धा तास घेतो."

"म्हणजे मूळचाच टप? बदललेला नाही? वा!"

डॉक्टर दोष सांगत गेले, तसतसं गिऱ्हाईक खुलत गेलं. शेवटी त्याने हात पुढे केला. "इतका प्रामाणिक माणूस या धंद्यात भेटत नाही. घेतली!"

डॉक्टरांच्या पायाखालची जमीन सरकली. तेवढ्यात बायको आली. नवऱ्यावर भरवसा नसल्यामुळे सौदा पक्का करायला ती स्वतःच सरसावली.

"फार गुणी गाडी आहे हो! कसला म्हणून त्रास नाही. माझा तर जीव आहे तिच्यावर."

गिऱ्हाईकाचा हात हवेतच थांबला.

"वहिनी, तुम्हाला आवडते?"

"अगदी!"

त्याने डॉक्टरांना बाजूला घेतलं. "आजवर सोळा जुन्या गाड्या घेतल्या. प्रत्येक घरातली बाई गाडीच्या नावाने बोटं मोडत होती. इथे कौतुक चाललंय, म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय. येतो."

डॉक्टरांनी मनातल्या मनात बायकोला हात जोडले.

सोमवारी सकाळी गॅरेजमधून कात्रीचा कर्रकर्र आवाज आला. ते धावतच गेले. लांबलचक बॉनेटवर कापड अंथरलेलं, त्यावर खडूच्या रेघा, बायकोच्या हातात कात्री. मागच्या सीटवर चार विद्यार्थिनी काजं करत बसलेल्या.

"अगं, रंग मूळचा आहे!"

"असू दे. एवढं मोठं टेबल बाजारात मिळत नाही."

डॉक्टरांनी तिथूनच त्या गिऱ्हाईकाला फोन लावला. "अहो, लगेच या! ही शिव्या घालतेय गाडीला!"

"असं? द्या बघू वहिनींना."

डॉक्टरांनी डोळ्यांनीच गयावया करत फोन बायकोच्या कानाला लावला. तिने तोंडातल्या टाचण्या सावकाश काढल्या.

"गाडी ना, भाऊ? लाखात एक आहे. आम्ही विकतच नाही."