सतरा मिनिटांचा संगणक

जन्मनोंदणी कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीमागचा संगणक बारा वर्षांचा होता आणि बाराव्या वर्षी त्याने बंद पडायला सुरुवात केली. आधी दिवसातून एकदा, मग तासातून एकदा. शेवटी त्याने आपली आपण एक शिस्त लावून घेतली. सुरू केल्यापासून सतराव्या मिनिटाला आतला पंखा घोंगावायचा, 'टप' असा आवाज यायचा आणि पडदा काळा व्हायचा. मग दहा-बारा मिनिटं कितीही बटण दाबा, गडी ढिम्म हलायचा नाही.

त्या खिडकीवर मोठ्या बाई बसत. पूर्वी कार्यालयात धाकट्या बाईही होत्या. त्यांची बदली होऊन सात वर्षं झाली, तरी मोठ्या बाई मोठ्याच राहिल्या. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्याविरुद्ध एक चिटोरंही कोणी दिलं नव्हतं, आणि हे त्या स्वतः कधी सांगत नसल्या तरी दुसऱ्या कोणी सांगितलं तर थांबवत नसत.

बाईंचे यजमान शिलाई मशिनं दुरुस्त करायचे. संध्याकाळी जेवताना बाईंनी विषय काढला.

"अहो, आमचा संगणक सारखा बंद पडतोय."

"डबा तापतो का?"

"इस्त्रीसारखा."

"मग धूळ बसलीय आत. गरम हवेला बाहेर पडायला वाट नाही, म्हणून जीव वाचवायला तो आपणहून बंद होतो. बाजूचं झाकण काढ, ब्रश फिरव. दहा मिनिटांचं काम आहे." घास गिळून ते म्हणाले, "शहाणं यंत्र आहे. माणसाला एवढं कळत नाही."

दुसऱ्या दिवशी बाईंनी डबा फिरवून पाहिला. झाकणाच्या सांध्यावर एक चिकटपट्टी होती: 'अनधिकृत व्यक्तीने उघडल्यास हमी रद्द.' हमी संपून नऊ वर्षं झाली होती. चिकटपट्टी मात्र नव्यासारखी होती. बाई साहेबांकडे गेल्या.

"हमी संपली, म्हणजे हमीचे नियम संपले असं होत नाही," साहेब म्हणाले. "रीतसर तक्रार करा. कंत्राटदाराचा माणूस येईल, तो उघडेल."

रीतसर तक्रार संगणकावरच करायची होती. अर्ज नऊ पानांचा होता, तो मध्येच जपून ठेवता येत नसे, आणि भरायला पंचवीस मिनिटं लागत. बाईंनी तो चार वेळा सतरा मिनिटांपर्यंत भरला. पाचव्या वेळी त्यांनी शेजारच्या चार नंबरच्या संगणकावरून भरला, तेव्हा नियमानुसार तक्रार चार नंबरच्या संगणकाची धरली गेली. तो ठणठणीत असल्याचं तपासणीत आढळलं आणि 'तक्रारदाराचे समाधान झाले' असा शेरा मारून प्रकरण मिटवण्यात आलं.

मग बाईंनी कंत्राटदाराच्या मदतकक्षाला फोन लावला.

"संगणक बंद करून पुन्हा सुरू करून पाहिलात का?" पलीकडून आवाज आला.

"बंद तो स्वतःच होतो."

"मग अर्धं काम झालेलंच आहे, बाई," आवाज म्हणाला आणि फोन ठेवला गेला.

प्रकरण वाढत चाललं तेव्हा तीन जणांची समिती नेमण्यात आली. समिती भर दुपारी आली. सदस्यांना उकडू नये म्हणून साहेबांच्या खोलीतला मोठा उभा पंखा आणून खिडकी तीनमागे लावला, सगळी दारं-खिडक्या उघडली. त्या वाऱ्यात संगणक अडीच तास अखंड चालला. सदस्य त्याच्याकडे आणि मग बाईंकडे पाहत राहिले. 'संगणक निर्दोष असून बंद पडण्याचा संबंध कर्मचाऱ्याच्या उपस्थितीशी असावा,' असा निष्कर्ष निघाला. खात्री करण्यासाठी दुसऱ्या दिवशी बाईंना बाहेरच्या बाकावर बसवून संगणक सुरू केला. पंखा तोवर साहेबांच्या खोलीत परत गेला होता. सतराव्या मिनिटाला संगणक बंद पडला. समितीने अहवालाला एक ओळ जोडली: 'कर्मचारी अनुपस्थित असतानाही प्रभाव टिकून राहतो.'

साहेब तसे वाईट नव्हते. अहवाल वाचून त्यांनी बाईंना बोलावलं आणि मायेने सांगितलं, "जे बदलत नाही, त्याचा नियम करावा. म्हणजे ते बिघडलेलं राहत नाही."

त्याप्रमाणे 'सतरा मिनिटांचे सेवासत्र' सुरू झालं. सतरा मिनिटं काम, बारा मिनिटं विश्रांती. प्रत्येक सत्राचे वेगळे नंबर. सत्र संपलं की शिपाई घंटा वाजवी. वरिष्ठ कार्यालयाकडून वीजबचतीबद्दल अभिनंदनाचं पत्र आलं, ते चौकटीत लावलं गेलं. पुढच्याच आठवड्यात साहेबांच्या लक्षात आलं की, एकाच कार्यालयात एक संगणक बंद पडतो आणि बाकीचे पडत नाहीत, हा नागरिकांमध्ये भेदभाव होतो. तेव्हापासून घंटा झाली की एक, दोन आणि चार नंबरच्या खिडक्यांवरचे धडधाकट संगणकही बंद करण्यात येऊ लागले.

सुरुवातीला लोक चिडले. पंधरा दिवसांत चिडणं संपलं. महिन्याभरात माणसं विणकाम, वर्तमानपत्र, पाण्याची बाटली अशा तयारीने येऊ लागली. एक निवृत्त मास्तर रोज यायचे. त्यांचं काम कधीच झालेलं होतं, पण नव्या माणसाला सत्रांची पद्धत समजावून सांगायला कोणीतरी हवं, असं त्यांना वाटे. संगणक 'टप' झाला की ते घड्याळ बघत आणि म्हणत, "वेळेचा पक्का आहे हं." आणि रांगेतली माणसं समाधानाने माना हलवत.

अशा सुरळीत चाललेल्या कार्यालयात एक सुतार आला.

त्याच्या मुलीच्या जन्माच्या नोंदीत 'कन्या'च्या जागी 'पुत्र' पडलं होतं. अठरा वर्षं त्यामुळे कोणाचं अडलं नव्हतं. आता मुलीची परिचारिकेच्या शिक्षणासाठी निवड झाली होती, वसतिगृह मुलींचं होतं, आणि कागदपत्रं देण्याची मुदत शुक्रवारपर्यंत होती.

बाईंनी दुरुस्ती करायला घेतली. दुरुस्तीची सहा पानं होती आणि प्रत्येक पान उघडायला वेळ घेई. हात कितीही भरभर चालवला तरी एकूण बावीस मिनिटं लागत. पाचव्या पानावर 'टप' झालं. सोमवारी झालं, मंगळवारी दोनदा झालं, बुधवारी दोनदा झालं. प्रत्येक वेळी सुतार उठायचा आणि म्हणायचा, "असू दे बाई. तुमचा काय दोष?"

बाईंना त्याने एकदा तरी भांडावं असं वाटत होतं. त्या साहेबांकडे गेल्या.

"बावीस मिनिटांचं काम सतरात बसत नसेल, तर दोष कामाचा आहे," साहेब म्हणाले.

"पण मुलीचं वर्ष जाईल, साहेब. चार नंबरचा संगणक या एका कामापुरता चालू ठेवला तर?"

"एकाला बावीस दिली की उद्या सगळे बावीस मागतील. तोवर मुलांच्या वसतिगृहात अर्ज करून ठेवायला सांगा. कागद तर तसाच आहे."

गुरुवारी बाई घरून निघताना यजमानांच्या पेटीतला पेचकस आणि मऊ ब्रश पर्समध्ये घालून आल्या. जेवणाच्या सुट्टीत खिडकी लावली, संगणकाची वायर काढली आणि त्या डब्यासमोर जमिनीवर बसल्या. चिकटपट्टीला नख लावून त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कार्यालयातली टाचणीसुद्धा विचारल्याशिवाय उचलली नव्हती. मग त्यांनी डोळे मिटून पट्टी ओढली. फक्त 'चर्र' असा आवाज झाला. आणखी काहीच झालं नाही, याचं त्यांना नवल वाटलं.

आत पंख्याखाली बारा वर्षांची धूळ घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट बसली होती. बाईंनी पंख्याचं पातं बोटाने धरून ती ब्रशने सोडवली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. यजमान म्हणाले होते तसंच, काम दहा मिनिटांचं होतं.

दोन वाजता सुतार खिडकीशी बसला. सतराव्या मिनिटाला घंटा झाली. शेजारचे संगणक बंद झाले, रांग पांगली, सुतारही सवयीने अर्धा उठला.

"बसा," बाई म्हणाल्या. "उठू नका."

बाविसाव्या मिनिटाला कागद बाहेर आला. सुताराने 'कन्या' हा शब्द दोनदा वाचला. मग रंध्याने साफ केलेल्या फळीवरून फिरवावा तसा त्यावरून अंगठा फिरवला. "बाई, माझी लेक तुमचं नाव काढील," एवढंच त्याला बोलता आलं.

संगणक चालूच होता, म्हणून बाईही चालूच राहिल्या. साडेतीनपर्यंत त्यांनी हजर असलेल्या सगळ्यांची कामं उरकली. चार वाजताच्या सत्राचे नंबर घेतलेले लोक आले तेव्हा खिडकी रिकामी होती. बाईंनी त्यांचीही कामं तिथल्या तिथे करून दिली. लोक कागद हातात घेऊन तिथेच घुटमळत उभे राहिले.

"काम झालं ते ठीक आहे," त्यांच्यातला एक जण म्हणाला, "पण आमचा नंबर कुठे गेला?"

"नंबरची गरजच पडली नाही."

"तासभर उभं राहून घेतला होता आम्ही तो," तो माणूस म्हणाला. त्याचा आवाज दुखावलेला होता. मास्तरांनी त्याला बाजूला घेतलं.

सोमवारी बाईंना नोटीस मिळाली. विषय होता: 'संगणक विहित वेळेत बंद न पडल्याबाबत.' सोबत नागरिकांचं निवेदन जोडलं होतं. अक्षर मास्तरांचं, वळणदार. 'तीन नंबरचा संगणक पूर्ववत वेळेवर बंद पडावा आणि ही घडी विस्कटणाऱ्यांवर कारवाई व्हावी, ही नम्र विनंती.' खाली त्रेचाळीस सह्या होत्या.

"आतली धूळ कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"टाकली."

"कोणाच्या आदेशाने? बारा वर्षं कार्यालयाच्या मालमत्तेत होती ती."

बाईंचं लक्ष साहेबांकडे नव्हतं. त्या सह्या वाचत होत्या. सहावी सही लांब शेपटीची होती. गुरुवारी दुपारी तीच सही त्यांनी पोहोचवहीत घेतली होती, 'कन्या'चा कागद देताना.

कंत्राटदाराचा माणूस आठ महिन्यांत आला नव्हता, तो त्या दिवशी तासाभरात आला. त्याने संगणक सतराव्या मिनिटाला आपोआप बंद होईल अशी सोय केली आणि झाकणावर नवी चिकटपट्टी लावली. बाईंच्या कोऱ्या सेवापुस्तकात पहिला ठपका नोंदला गेला. यजमानांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "धूळ परत मागत असतील तर सांग. दुकानात भरपूर आहे."

दोन महिन्यांनी वरिष्ठ कार्यालयाने वीजबचतीचं नवं उद्दिष्ट दिलं. साहेबांनी एक कागद तयार करून प्रत्येक खिडकीवर दोरीने बांधला आणि तो लोकांच्या सह्यांनी भरून देण्याची जबाबदारी कर्मचाऱ्यांवर टाकली.

त्याच आठवड्यात सुतार दुसरी प्रत न्यायला आला. मुलगी छान रुळली होती, आता पट्टी बांधायला शिकली होती. तो हे भरभरून सांगत होता. बाईंनी त्याला प्रत दिली आणि न राहवून म्हटलं, "माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर तुमची सही होती."

"कुठल्या तक्रारीवर?" सुतार गोंधळला. मग त्याला आठवलं. "तो कागद होय. त्या दिवशी कागद बघत बाहेरच्या बाकावरच बसलो होतो, संध्याकाळी निघताना फिरत होता. माझ्या पुढच्याने केली, मागच्याला द्यायचा होता, मध्ये आपण कशाला अडवायचं? काय होतं त्यात?"

"वाचला नाहीत?"

"आनंदात होतो, बाई." तो ओशाळला. "तुम्हाला काही त्रास नाही ना झाला?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग त्यांनी दोरीला बांधलेला कागद त्याच्याकडे सरकवला. सेवासत्र सतराऐवजी अकरा मिनिटांचे करण्यास आमची हरकत नाही, असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं होतं. "इथेही सही लागते. पण या वेळी वाचून करा. मी थांबते."

"तुम्ही देताय म्हटल्यावर वाचायचं काय," सुतार मनापासून म्हणाला. त्याने लांब शेपटीची सही केली, आणि मागच्या माणसाने आधीच पुढे केलेल्या हातात पेन दिलं.