बिनकंपाउंडची बेबीमावशी

आमच्या बेबीमावशीचं घर प्लॉटच्या मधोमध नाही, कोपऱ्यात आहे, तेही तिरपं. पिपरी मेघेच्या आमच्या लेआऊटमध्ये बाकीची घरं शाळेच्या प्रार्थनेला उभी राहिल्यासारखी एका ओळीत आहेत. मावशीचं तेवढं मास्तरांनी कान धरून बाजूला काढल्यासारखं. नव्या माणसाला वाटतं, बांधताना मिस्त्रीनं घेतलेली असावी. तसं काही नाही. मिस्त्री पूर्ण शुद्धीवर होता. मावशीनंच त्याला सांगितलं होतं, "वाट मोडाची नाई. घर सरकव."

ही वाट इथं नुसती वावरं होती तेव्हापासूनची. एका अंगाला आमची गल्ली, दुसऱ्या अंगाला बसचा रस्ता, आणि मधे मावशीचा प्लॉट. वाट प्लॉटच्या पोटातून आरपार जाते, ती नेमकी स्वयंपाकघराच्या दाराला घासून. कॉलेजच्या पोरी, चक्कीवर डबा नेणाऱ्या बायका, सायकलवाले, झालंच तर बकऱ्या, सगळे तिथूनच जातात. कंपाउंड नाही, गेट नाही, साधं तारेचं कुंपणही नाही.

मावशी नर्स होती. समुद्रपूरकडच्या खेड्यांमधून डोस पाजत हिंडण्यात सगळी नोकरी गेली. वाटेविषयी कोणी बोललं की ती कंबरेवर हात ठेवते. "लोकाइच्या वावरातून, धुऱ्याबांधावरून नोकरी केली मी. कोनी म्हटलं नाई का बाई, फिरून जा. अन आता माह्या नावानं सात-बारा झाला तं मी लोकाइले फिरून जा म्हनू? काऊन?"

हा 'काऊन', म्हणजे 'का', ऐकून विचारणारा त्याच वाटेनं निघून जातो.

वय सत्तरीच्या पुढे आणि नाव बेबी. आईबापांनी कौतुकानं ठेवलं आणि पुढे बदलायला कोणाला सुचलं नाही. तिचं दुसरं लाडकं वाक्य म्हणजे, "मले पुरते." दीड खोली? मले पुरते. तीन पातळं? मले पुरते. पुण्याहून मुलानं, आमच्या प्रवीणनं, वाढदिवसाला फ्रिज पाठवला. मावशीनं तो उतरवूनच घेतला नाही, टेम्पो थेट माझ्या दारात पाठवला. वर निरोप: "तुमच्या घरी शिळं जास्त उरते. तुमाले कामी येईन." तेव्हापासून आमच्या घरी दोन फ्रिज आहेत आणि खरंच, शिळं दुप्पट उरतं.

मी तिचा भाचा. माझ्या घराला कंपाउंड आहे, त्यावर काचा आहेत, गेटवर 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी पाटी आहे. कुत्रा नाही. पाटी वाचून चोर येत नाहीत की नाही ठाऊक नाही, पण लेआऊटमधली झाडून सारी कुत्री रोज दुपारी तिच्याखालीच झोपायला येतात. तरीही सुरक्षेतला जाणकार म्हणून घरात माझंच नाव घेतलं जातं. त्यामुळे प्रवीणनं जेव्हा ठरवलं की आईच्या प्लॉटला आता कंपाउंड घालायचंच, तेव्हा देखरेखीचं काम साहजिकच माझ्याकडे आलं.

आधी समजावून पाहिलं. मी गेलो तेव्हा मावशी दारात तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, "मावशी, काळ बरा नाही. कोणीही घुसतं."

"घुसनारा आत राह्यते, सुध्या. हे लोक तं निघून जाते बापा."

तेवढ्यात एक पोरगी पाठीवर बॅग टाकून आली. "मावशी, बरं हाय ना?"

"बरं हाय. थांब ना जराशी, चहा टाकते."

"नाई मावशी, बस जाते माही."

"मंग जा. उद्या येजो."

तिच्यामागून चक्कीवाली बाई आली. तिलाही चहा विचारला. तिच्याही गव्हाला घाई होती. मी तासभर बसलो होतो. मावशीनं जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला चहा विचारला आणि घेतला फक्त मी, तोही दोनदा. कंपाउंडचा विषय मात्र पुन्हा निघू दिला नाही.

मग आम्ही डाव टाकला. आंजी गावाला नात्यातलं लग्न होतं. मावशी दोन दिवस जाणार होती. माझा गुडघा अचानक दुखायला लागला, त्यामुळे मला जाता आलं नाही. मावशीची बस हलली तसा गुडघा थांबला आणि विटांचा ट्रक आला. प्रवीणनं पुण्यातूनच मिस्त्री ठरवला होता, मजुरी आगाऊ दिली होती. मी लिंबाखाली खुर्ची टाकून सुरक्षेकडे लक्ष देत बसलो.

बसच्या रस्त्याकडून पाया खणायला सुरुवात झाली. चर वाट कापून गेला. चक्कीवाली बाई डोक्यावर डबा घेऊन काठाशी येऊन थबकली.

"भाऊ, हे काय करून राह्यले?"

"सुरक्षा," मी म्हटलं.

"कोनापासून?"

उत्तर 'तुमच्यापासून' असं होतं. मी विटा मोजायला लागलो. ती आल्या पावली वळली आणि लांबून फिरून गेली. मग सायकलवाला फिरून गेला. पोरी आधी उड्या मारून हसल्या, दुसऱ्या दिवशी त्याही फिरून गेल्या. बकऱ्या तेवढ्या बेधडक चरात उतरून पलीकडे चढत होत्या.

आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी मावशी परत आली. लग्नाचं जेवण झालं, आता मले पुरते, म्हणून संध्याकाळच्या पंगतीला थांबली नाही. हातात पिशवी, पिशवीत नवरीकडच्या लाडवांचा डबा. चराच्या काठाशी उभी राहिली. चराकडे पाहिलं, विटांच्या ढिगाकडे पाहिलं, शेवटी खुर्चीकडे. मी गुडघा धरला.

"थो गुडघा नाई, सुध्या. दुखनारा दुसरा व्हता."

मिस्त्रीकडे वळून ती शांतपणे म्हणाली, "चहा घेतला का, बापा? नाई? मी टाकते. तवर थे माती जिथली तिथं टाक."

मिस्त्री माझ्याकडे पाहायला लागला. मी लिंबाकडे पाहायला लागलो. प्रवीणला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तो म्हणाला, "आई, मजुरी देऊन झालीय! विटा उतरल्यात! त्या काय परत जातात का?"

"वापस कायले पाठवाच्या? मिस्त्री काम करन. वाट बांधन."

"आई, लोक काय म्हणतील?"

"म्हनू दे. जाता-जाता म्हनतीन."

मग तो म्हणाला, "सुधादादा कुठंय?" सुधादादा चर बुजवत होता.

कंपाउंडच्या विटांची वाट झाली. गल्लीपासून बसच्या रस्त्यापर्यंत, लालभडक. लेआऊटमध्ये दोन दिवस हसणं चाललं. एकानं मला रस्त्यात गाठून विचारलं, "काऊन भाऊ, भिंत आडवी पडली का?" तिसऱ्या दिवशी तोच माणूस चपला न मळवता त्या वाटेनं बस गाठायला गेला.

काम संपल्यावर मी पाहायला गेलो. हातात मावशीनं दिलेल्या लाडवांचा रिकामा डबा होता, तो परत करायचा होता. वाट दोरीत होती, कुठं उंचसखल नाही. फक्त स्वयंपाकघराच्या दारापाशी ती एकदम फुगली होती. हातभर जास्तच रुंद.

मी म्हटलं, "मावशी, इथं चुकला वाटतं मिस्त्री."

"नाई चुकला. मीच सांगतलं."

"कशाला?"

मावशी वाल सोलत होती. वर पाहिलं नाही.

"एखादा बोलाले थांबला, तं मागच्याले जागा पाह्यजे ना जायाले."

कानाला फोन लावलेली एक पोरगी आली, मावशीकडे पाहून हात हलवला आणि त्या रुंद जागेवरून झपाझप निघून गेली. मावशीनं तिला हाक मारली, "उद्या येजो गं!" मग माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"तू काय पाहून राह्यला? जायाचं तं जा. थांबाचं तं नीट थांब."

मागून कोणीच येत नव्हतं. तरी मी जरा कडेला सरकून उभा राहिलो.