ठकूबाई तोफ उपाशी राहिली त्याची हकीगत

श्री गजानन समर्थ असो, कुलस्वामिनी पाठीशी असो, आणि तोफेच्या ज्या दारूने नऊ वर्षांत कोणाचे एक बोटही नेले नाही तिचीही कृपा असो. शके सत्राशे एकुणसत्तर, प्लवंगनाम संवत्सरी, माघ मासी, रथसप्तमीचे दिवशी कावळ्याचे माळावर जे वर्तमान जाहले, ते समक्ष पाहणाराने लिहिले असे. राज्य कोणते ते पुसू नये, लिहिणार कोण तेही पुसू नये. त्या दिवशी लिहिणाराच्या भिवया किंचित जळाल्या होत्या, इतकी खूण पुरे.

या राज्यास तीन पिढ्या लढाई ठाऊक नव्हती. शत्रू नव्हता ऐसे नव्हे, परंतु जो होता तो व्याही जाहला, आणि व्याह्यावर तोफ डागावी ऐसे कितीही मनात आले तरी तैशी रीत नव्हती. गडावरील थोर तोफांचे पोटात पारव्यांनी अंडी घातली, गोलंदाज वांगी पिकवू लागले, आणि महाराजांस जांभया बहुत येऊ लागल्या. मग एके दिवशी ओताऱ्याने सहज मौजेखातर एक उखळी तोफ ओतून आणिली. ती केवढी, तर लोणच्याचे बरणीएवढी, तोंड आभाळाकडे आणि बूड लाकडी पाटावर. महाराजांनी ती मांडीवर घेऊन पाहिली, मग माळावर नेऊन तीत कोळव्याचे चिमुकले माप भरून दारू घातली, वर कवठाएवढा दगडी गोळा ठेविला आणि जातीने बत्ती दिली. धडाका ऐसा जाहला की दिवाणांची पगडी मानेवर आली. आणि गोळा घारींपर्यंत चढला, वर जाऊन क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, आणि पलीकडे नांगरटीत धप्पकन पडला. पांढऱ्या धुरातून महाराज काळ्या तोंडाने बाहेर आले ते हसतच आले, आणि राणीसाहेब बोलिल्या की बारा वर्षांनी हे दात आज दिसले. मग काय, साऱ्या दरबारास हा नाद लागला. ज्याने त्याने आपापली तोफ ओतविली, कोणी उखळी, कोणी लांब नळीची. महाराजांची 'गजराज', राणीसाहेबांची 'चिमणी', पागेचे सरदार सुभानराव यांची 'वाघीण'. दर आदित्यवारी मंडळी बैलगाडीत तोफा घालून माळावर जात, शंभर पावलांवर बांबू रोवून त्यापाशी वेताची पाटी ठेवीत, आणि ज्याचा गोळा पाटीच्या जवळ पडेल तो त्या दिवसापुरता फुगून घरी येई. कोणाचे काही मोडत नव्हते, कोणी मरत नव्हते. दारूचा वास अंगरख्यास आणि हसू तोंडास, ऐसा हा शौक होता.

या शौकास शिस्त लाविली ती नरसोपंत सबनीस यांनी. पंत म्हणजे अंगाने काडी आणि स्वभावाने दोरी. फौजेची हजेरी घेणे हे त्यांचे काम, आणि फौज जागेवरच असल्याकारणाने त्यांस वेळ बहुत. त्यांनी तोफ भरावयाची अकरा कलमे लिहिली. पहिल्याने नळी पुसावी, दुसऱ्याने कान तपासावा, म्हणजे बुडाशी जे बारीक छिद्र, ज्यातून आग आत जाते ते. तिसऱ्याने लोक मागे सारावे, चौथ्याने दारू घालावी, पाचव्याने घोंगडीचा बोळा आणि गोळा घालून गजाने ठासावा, ऐसे करीत अकराव्याने देवाचे नाव घेऊन बत्ती द्यावी. भरताना प्रत्येक कलम मोठ्याने म्हणावे आणि मगच हात हलवावा. नऊ वर्षांत अपघात जाहला नाही तो या कलमांमुळे, हे पंतांचे वैरीही कबूल करीत. मात्र नववे कलम कडक होते. जो दारू न घालिता गोळा ठासील, म्हणजे माळावरील बोलीत तोफ उपाशी ठेवील, त्याची तोफ तोंड खाली करून त्याच्याच गोठ्यात अर्धी पुरावी, आणि तीस शेळी बांधावी. पंत म्हणत की जो जेवण वाढावयाचे विसरतो तो उद्या आग कुठे ठेविली तेही विसरेल.

नऊ वर्षांत हे कलम एकदाच लागले, आणि ते सुभानरावांस. मागील साली त्यांनी गोळा ठासला, मग थबकले, आणि आपणच हात वर करून बोलिले की वाघीण उपाशी आहे. सुभानराव आणि पंत एकाच पंतोजीच्या छड्या खाल्लेले. तरी पंतांनी कलम वाचले आणि वाघीण पुरली गेली. सुभानरावांनी दुसरी तोफ ओतविली नाही. दर आदित्यवारी मात्र येत, आणि पंच होऊन भरणाराच्या मागे उभे राहत. पंतांनी त्या दिवसापासून त्यांचे घरी जाणे टाकिले. रागाने नव्हे, गोठ्यावरून जावे लागे म्हणून.

आता पंतांची तोफ ठकूबाई. पितळी, ठेंगणी, पोट सुटलेली. पंत तीस दर शनिवारी चिंचेने घाशीत, तेव्हां त्यांचे कुटुंब म्हणे की माझे लग्नातले तबक चाळीस वर्षांत एकदा घासले असते तर मी सवत सोसली असती. रथसप्तमीस मोठी चढाओढ होई, आणि ज्याचा गोळा पाटीच्या सर्वांत जवळ, त्याच्या तोफेस वर्षभर सणावारी वाड्याच्या दारातून सलामी देण्याचा मान मिळे. हा मान पंतांस नऊ वर्षांत एकदाही लाभला नव्हता. त्यांस दुसरे काही नको होते, जहागीर नको, पालखी नको. गुढीपाडव्यास वाड्यासमोर ठकूबाईने एकदा तोंड उघडावे इतकेच हवे होते, आणि या इच्छेपायी त्यांस आदले रात्री भाकर गेली नाही.

त्या दिवशी ऊन सोन्यासारखे, परंतु वारा पाठीमागून वाहत होता. महाराजांचा गोळा पाटी ओलांडून गेला, दिवाणांचा त्याहून पुढे गेला, राणीसाहेबांच्या चिमणीने तर गोळा ओढ्यात टाकिला आणि म्हशी उठवल्या. मंडळी हसून हसून बेजार जाहली. मग शेवटी पंत उठले. पहिले कलम म्हणून नळी पुसली, दुसरे म्हणून कान तपासला, तिसरे म्हणून वळून पाहिले, तो दिवाण पेटती चिलीम घेऊन दारूच्या बुधल्यापासून चार हातांवर उभे. पंतांस संताप आला. त्यांनी दिवाणांस भर माळावर सातवे कलम ऐकविले, आठवेही ऐकविले, चिलीम विझवून घेतली, आणि त्या भरात माघारी येऊन 'पाचवे' ऐसे मोठ्याने म्हणून बोळा घातला, गोळा घातला, आणि गज मारिला.

गज खणकन वाजला. पोटात दारू असली म्हणजे तो धप वाजतो. हा फरक तोफेजवळच्यासच ऐकू येई, आणि त्या घडीस जवळ दोघेच, एक पंत आणि दुसरे मागे उभे असलेले सुभानराव. पंतांची नजर बाजूस गेली. दारूचा बुधला जैसा आणिला तैसा भरलेला होता. त्यांनी मागे पाहिले, आणि सुभानराव त्यांच्याकडेच पाहत होते. वर्षाचे उसने फेडावयास याहून चांगली घडी कोणास मिळते? सुभानरावांनी नुसता हात वर केला असता तरी पुरे होते. ते वाकले, जैसा पंच कान तपासावयास वाकतो तैसे, आणि हळूच बोलिले,

"पंत, घाबरू नका. कानातून चारा. चिमूट चिमूट घालायची, सुईने ढकलायची. ही माझी बारीक रंजक घ्या."

पंत म्हणाले, "सुभानराव, तुम्ही मला हे का देता?"

"वर्षभर गोठ्यात बसून पाहिलं. शेळी तशी गुणाची आहे, पण तुम्हांला शोभायची नाही."

मग पंतांनी ठकूबाईच्या कानातून ती रंजक, म्हणजे कानात भरावयाची पिठासारखी दारू, चारली. चाळीस चिमटी गेल्या. लोकांस वाटले, पंत दुसरे कलम पुन्हा करीत आहेत, इतके काटेकोर दुसरे कोण. मग देवाचे नाव घेतले, ते त्या दिवशी खरोखर मनापासून घेतले, आणि बत्ती दिली. बार निघाला, परंतु नेहमीच्या निम्म्या आवाजाचा; आणि गोळा वर गेला, पाठीच्या वाऱ्याने त्यास हलकेच पुढे नेले, आणि जिथे साऱ्यांचे भरपोट गोळे ओलांडून गेले होते तिथे हा अर्धपोटी गोळा थेट वेताच्या पाटीत पडला आणि पाटीचे बूड घेऊन जमिनीत बसला.

माळावर ऐसा गलका जाहला की ओढ्यातल्या म्हशी, ज्या नुकत्याच पुन्हा बसल्या होत्या, त्या पुन्हा उठल्या. महाराजांनी स्वतः येऊन पंतांस मिठी मारिली, शेला घातला, आणि पाडव्याची सलामी ठकूबाईची ऐसे जाहीर केले. दिवाण चिलमीचा अपमान विसरून नाचू लागले. पंत मात्र शेला खांद्यावर घेऊन खांबासारखे उभे राहिले, कारण गर्दीत सर्वांहून मोठ्याने टाळ्या वाजवीत होते ते सुभानराव. त्या टाळ्यांत खोट नव्हती, टोमणा नव्हता, आणि तेच पंतांस सोसेना. वाघिणीस खड्ड्यात उतरविताना याच माणसाने दोर धरिला होता, कारण इतरांस तो नीट धरता येईना. पंतांस अतिशय लाज वाटली. त्यांनी शेला उतरविला, त्याची घडी केली, आणि महाराजांपुढे ठेविली.

"महाराज, हा मान माझा नव्हे. ठकूबाई उपाशी होती. मी दारू न घालता गोळा ठासला, आणि मग कानातून चारून बार काढला."

महाराजांनी नजर वळविली आणि विचारिले की नववे कलम काय म्हणते. पंतांनी ते खड्या आवाजात म्हटले, तोफ पुरण्यापासून शेळी बांधण्यापर्यंत, एक अक्षर न गाळिता. फक्त 'शेळी' म्हणताना आवाज थोडा बसला. महाराज बराच वेळ बोटातली अंगठी फिरवीत राहिले. मग खाकरून बोलिले की आमच्या गजराजाचेही ऐसे तीन वेळा जाहले आहे.

"चार," राणीसाहेब म्हणाल्या.

"चार," महाराज म्हणाले. "आणि तुमच्या चिमणीचं?"

राणीसाहेबांनी पदरातून एक पोकळ पीस काढून दाखविले. त्यातून रंजक कानात बरोबर उतरते. मग दिवाणांनी पगडीतून पीस काढिले. मग बक्षींनी कमरेतून, वैद्यांनी बटव्यातून, आणि पाहता पाहता ज्याच्या त्याच्या हातात पीस दिसू लागले. ही पिसे लेखण्या समजून पंतांस नऊ वर्षे वाटत आले होते की दरबारी मंडळींस लेखनाची गोडी लागली. आता कळो आले की साऱ्यांनीच कधी ना कधी तोफ उपाशी ठेविली होती, साऱ्यांनीच पंतांच्या धाकाने चोरून चारली होती, आणि महाराजही याच पंगतीत होते. दिवाण गंभीरपणे बोलिले की कलम लाविल्यास राज्यात शेळ्या पुरणार नाहीत. मग कोण आधी हसले ते कळले नाही, परंतु हसू ऐसे उसळले की राणीसाहेबांस खाली बसावे लागले.

पंतांसही हसू आले, आणि हसता हसता डोळे भरले. नऊ वर्षांत या माळावर एकच माणूस आपण होऊन खरे बोलला, आणि पंतांनी शेळी नेमकी त्याच्या तोफेस बांधविली. ते सुभानरावांकडे गेले. बोलावयाचे बहुत होते, परंतु इतकेच बोलिले, "कुदळ कुठे असते तुमच्याकडे?"

मग अवघा दरबार काळ्या तोंडांनी, वाजत गाजत सुभानरावांच्या गोठ्यात गेला. पंतांनी अंगरखा काढून स्वतः खणिले, कोणास हात लावू दिला नाही, आणि शेळीने तेवढ्यात त्यांचे उपरणे निम्मे खाल्ले तरी तीस हाकलिले नाही. वाघीण वर आली ती तोंडभर माती घेऊन. पंतांनी नळी धुतली, पुसली, कान सुईने मोकळा केला, आणि सुभानरावांस बोलिले की भरावी. सुभानरावांनी चौथे कलम गल्लीभर ऐकू जाईल ऐसे म्हटले आणि दारू घातली. गोळा न घालिता मोकळाच बार काढिला, परंतु तो ऐसा दणदणला की गोठ्याची दोन कौले उतरली, आणि महाराजांनी तिथेच हुकूम केला की पाडव्याची सलामी वाघिणीची.

त्याच दिवशी पंतांनी नववे कलम खोडून नवे लिहिले: तोफ उपाशी राहिल्यास भरणाराने हात वर करावा, आणि जो सर्वांत जवळ असेल त्याने आपली रंजक घेऊन धावावे. पुढल्या आदित्यवारी मंडळी माळावर जमली. घटकाभर कोणी हात वर केला नाही. सवय इतक्या लवकर जात नाही. मग गजराजापाशी गज खणकन वाजला. महाराजांनी इकडे पाहिले, तिकडे पाहिले, पीस शोधावयास हात कमरेकडे नेला, आणि मग तो हळूहळू, शाळेतल्या पोरासारखा, वर केला. तेव्हां साठ वर्षांचे नरसोपंत रंजकीचा बटवा छातीशी धरून माळभर धावत सुटले, आणि धावताना त्यांचे धोतर सुटत होते तरी थांबले नाहीत.

सारांश, राज्य आहे तिथेच आहे, शत्रू नाही, पाट्या महिन्यास दोन लागतात. जे घडले ते लिहिले. वाचणाराची दारू कोरडी राहो, बार वेळेवर निघो, आणि हात वर करण्याची पाळी आलीच, तर कोणी धावत येवो. इति.