नाना आणि घरजावई

देवपुरातले आमचे शेजारी नाना पाणी विचारायच्या आधी तुमचा मोबाईल मागतात. तुम्ही इंटरनेट कुठल्या ब्राउझरमधून बघता हे तपासल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही.

फोनसोबत न मागताच येणारा बड्या कंपनीचा ब्राउझर म्हणजे नानांच्या भाषेत 'घरजावई'. आयता येऊन बसला, आता हलत नाही. नानांचा लाडका वेगळा. चार-दोन हौशी लोकांनी बनवलेला, तुमची कसलीही नोंद न ठेवणारा. "याले काही याद नही राहस, हाच याना मोठा गुण शे," असं ते स्थळ सुचवणाऱ्या मामाच्या थाटात सांगतात.

गल्लीतल्या निम्म्या फोनांत त्यांनी तो स्वतःच्या हाताने घातला. आठवडाभरात बहुतेकांनी काढला. कुणाच्या बँकेचं पान त्यात उघडेना, कुणाला दर वेळी पासवर्ड टाकायचा कंटाळा आला. मी ठेवलाय, पण फक्त नानांना दाखवायला. लाइटबिल मीही घरजावयाकडूनच भरतो.

लोकांचं एकवेळ नाना सोसतील. पण त्यांच्या बायकोनेच, म्हणजे अक्कांनीच, घरजावयाचा पक्ष धरला. गुडघ्याचं तेल म्हणू नका, कळण्याची भाकरी म्हणू नका, दोन अक्षरं लिहिली की पुढचं तोच ओळखतो, याचं अक्कांना भारी कौतुक. नाना जळून खाक.

"चाळीस वर्षं संसार करीसन मले नही कळनं तुले काय पाहिजे, अन् त्याले कळनं?"

"तुमले याद कुठे राहस," अक्का शांतपणे म्हणायच्या आणि आम्ही हसायचो.

खरं तर नाना बस स्टँडवर चौकशीच्या खिडकीत होते. जामनेर, बोदवड, सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ. हल्ली मात्र मला माझ्या भावाच्या नावाने हाक मारतात, चहा झाल्यावर पुन्हा चहा विचारतात. वय झालं, म्हणून आम्ही तेही हसण्यावारी नेत होतो.

परवा अक्का देवळात गेल्या तेव्हा नानांनी मला बोलावलं. हातात अक्कांचा फोन. "ही त्याले काय काय सांगस, मले दाखाड."

असं बघू नये, मी म्हणालो. पण जळणारा माणूस ऐकतो थोडाच. शेवटी अक्कांनी आजवर काय काय शोधलं त्याची यादी मी उघडून दाखवली.

'माणूस एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का विचारतो.' 'नवरा घरचा रस्ता विसरला तर काय करावं.' 'विसरणाऱ्या माणसाला वाईट न वाटता कसं सांगावं.' मध्ये एकदाच गुडघ्याचं तेल.

नाना रस्ता चुकले होते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरून वाटलं, त्यांनाही नसावं. मला फार वाईट वाटलं.

"हे पुसता येस का?" त्यांनी विचारलं.

"येतं. लगेच पुसतो."

त्यांनी फोन माझ्या हातून काढून घेतला आणि होता तिथे, अक्कांच्या चष्म्याच्या घराखाली, नीट ठेवला.

"नको. राहू दे त्याले," नाना म्हणाले. "आमना घरमा एकाले तरी याद राहाले पाहिजे."